कच्च्या लायसनची परीक्षा आणि आपले नगरचे रस्ते

शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत १५ प्रश्न असतात आणि त्यातली ९ उत्तरं बरोबर आली की तुम्ही पास. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी किमान ६० टक्क्यांची अट घातली आहे, तिचा हा हिशेब. परीक्षा एवढी छोटी असल्यामुळे बहुतेक मुलं तिला परीक्षा मानतच नाहीत. कुणी आदल्या रात्री प्रश्नसंच घोकतं, कुणी एजंटच्या हाती आधार कार्ड आणि ओटीपी देऊन मोकळं होतं. मला वाटतं, दोन्हींत नुकसान आपलंच आहे. रस्त्याचे नियम तुम्हाला कळले आहेत का, हे सरकार आयुष्यात बहुधा या एकाच वेळी विचारतं. त्यानंतर विचारतो तो रस्ता.

म्हणून ही तयारी पुस्तकापेक्षा रोजच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर करावी, असं माझं सांगणं आहे. अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. तालुके १४. घाट आहे, रेल्वे फाटक आहे, उसाची वाहतूक आहे, मेंढ्यांचे कळप आहेत, औद्योगिक वसाहतीतून शिफ्ट सुटल्यावरची गर्दी आहे. परीक्षेत विचारलं जातं ते जवळजवळ सगळं इथे डोळ्यांसमोर असतं. ते पाहून शिकलेलं पाठांतरासारखं विसरलं जात नाही.

आधी परवान्याचा प्रकार ठरवा. गिअरच्या मोटारसायकलसाठी वय १८ पूर्ण लागतं. १६ ते १८ वयाच्या मुलामुलींना पालकांच्या संमतीने परवाना मिळतो, पण तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या गाडीचा. शोरूममध्ये मिळणाऱ्या नेहमीच्या स्कूटर १०० सीसीच्या वरच्या असतात. म्हणजे अकरावीतली मुलगी क्लासला जाताना जी स्कूटर नेते, ती तिला कायद्याने चालवता येत नाही. हे पालकांनी नीट समजून घ्यावं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. पोलीस भरतीच्या किंवा चालकाच्या नोकरीच्या आशेवर असलेल्या घरात ही सात वर्षं फार महाग पडतात.

विजेवरच्या गाड्यांबद्दलही गैरसमज पुष्कळ आहेत. मोटर २५० वॉटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच परवाना लागत नाही. विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नका, गाडीचे कागद पाहा. जिला नंबर प्लेट लागते, तिला लायसन लागतंच. आणि १८ पूर्ण झाले असतील तर थेट गिअरच्या मोटारसायकलचा प्रकार निवडा. त्यावर स्कूटरही चालवता येते, दुसऱ्यांदा खटपट नको.

अर्ज केंद्र सरकारच्या ‘सारथी’ या परिवहन संकेतस्थळावर करायचा. जिल्ह्यात कार्यालयं दोन, नगरचं एमएच १६ आणि श्रीरामपूरचं एमएच १७. संगमनेर, कोपरगाव अशा उत्तरेकडच्या तालुक्यांचं काम श्रीरामपूरकडे आहे. अर्ज भरताना आपलं कार्यालय कोणतं, ते नीट पाहून निवडा. जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या आधारे ही परीक्षा घरी बसून देता येते. त्यासाठी आधारला तुमचा चालू मोबाईल क्रमांक जोडलेला हवा, आणि तो क्रमांक तुमच्याच हातातल्या फोनचा हवा. ज्यांना आधारचा मार्ग वापरायचा नाही, त्यांनी वेळ घेऊन कार्यालयात जाऊन परीक्षा द्यायची. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, बाकीच्यांना तब्येतीबद्दलचं स्वतःचं घोषणापत्र पुरतं. केंद्रीय नियमांप्रमाणे शुल्क परवान्याच्या प्रत्येक प्रकाराला १५० रुपये आणि परीक्षेचे ५०, वर किरकोळ सेवाशुल्क. तालुक्याच्या बाजारपेठेत यासाठी किती मागतात, ते तुम्हाला माहीतच आहे. ज्याला फोनवरून रेल्वेचं तिकीट काढता येतं, त्याला हा अर्जही भरता येतो.

एक धोक्याची सूचना इथेच देतो. आरटीओच्या किंवा ई-चलनाच्या नावाने व्हॉट्सअॅपवर एपीके फाईल आली तर ती उघडू नका. परिवहन विभाग अशी फाईल पाठवत नाही. ती उघडली की फोनचा ताबा दुसऱ्याकडे जातो आणि बँकेतले पैसेही जाऊ शकतात.

आता अभ्यास. सुरुवात चिन्हांपासून करावी, कारण हुकतात ती उत्तरं इथलीच. पण शेकडो चित्रं पाठ करायला बसू नका. आधी आकार पाहायचा, मग आतलं चित्र. गोल म्हणजे हुकूम. लाल कडेचा गोल बहुधा मनाई करतो आणि निळा गोल अमुक करच असं सांगतो. लाल कडेचा त्रिकोण पुढच्या धोक्याची जाणीव देतो. निळा चौकोन माहिती देतो. या नियमाला दोन ठळक अपवाद आहेत आणि दोन्ही मुद्दाम वेगळ्या आकाराचे केले आहेत: अष्टकोनी ‘थांबा’ आणि उलटा त्रिकोण ‘रस्ता द्या’. चिखलाने माखले किंवा पाठीमागून दिसले तरी नुसत्या आकारावरून ओळखू यावेत, म्हणून.

आकार पक्का झाला की गोंधळाच्या जोड्या आपोआप सुटतात. त्रिकोणात डावीकडे वळलेला बाण असेल तर पुढे डावं वळण आहे. तोच बाण निळ्या गोलात असेल तर डावीकडेच वळायचं आहे. त्रिकोणात चालणारा माणूस म्हणजे पादचारी रस्ता ओलांडतात, सांभाळा. लाल गोलात तोच माणूस आणि त्यावर तिरकी रेघ म्हणजे पायी जायला बंदी. सायकलचंही तसंच. निळ्या पार्श्वभूमीवर लाल कडं आणि एक तिरकी रेघ असेल तर गाडी उभी करायला मनाई. दोन रेघांची फुली असेल तर क्षणभर थांबायलाही मनाई. ही जोडी परीक्षेत हमखास येते. लाल गोलात आडवी पांढरी पट्टी म्हणजे प्रवेश बंद. पांढऱ्या गोलावर नुसती काळी तिरपी रेघ म्हणजे आधीचं बंधन इथे संपलं. मुलं हे चिन्ह पाहतात, पण त्याचा अर्थ विचारला की गप्प होतात.

यासाठी एक काम करा. नगर–पुणे रस्त्याने सुप्यापर्यंत किंवा नगर–मनमाड रस्त्याने राहुरीपर्यंत एसटीत खिडकीशी बसून जा आणि दिसेल ते प्रत्येक चिन्ह वहीत काढा. खाली अर्थ लिहा. घरी येऊन परिवहन विभागाच्या चिन्हांच्या तक्त्याशी ताडून पाहा. एका फेरीत निम्मा अभ्यास होतो. गाडी चालवत असताना मात्र हे करू नका, मागे बसूनही मोबाईल काढून नको.

रस्त्यावरच्या पट्ट्यांचंही तसंच. तुमच्या बाजूची मधली रेघ अखंड असेल तर ती ओलांडायची नाही. तुटक असेल तर समोरून कुणी येत नसताना ओलांडून पुढे जाता येतं. शेजारी शेजारी दोन रेघा असतील तर आपल्या बाजूची पाळायची. लुकलुकणारा लाल दिवा म्हणजे थांबा, पाहा, मग जा. लुकलुकणारा पिवळा म्हणजे वेग कमी करून सावधपणे जा. रात्री उशिरा शहरातले सिग्नल लुकलुकत असतात आणि गाड्या दोन्हींतून एकाच वेगाने सुटतात. तुमचं उत्तर रस्त्यावरच्या इतरांकडे पाहून ठरवू नका.

यापुढचा भाग ‘आधी कोण जाणार’ याचा, आणि माझ्या मते सगळ्या परीक्षेत हाच सर्वांत मोलाचा. आपल्याकडे मोठी गाडी आधी जाते, नाहीतर जोरात येणारी. कायदा तसं म्हणत नाही. सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या चौकात तुम्ही मुख्य रस्त्यावर चढत असाल तर मुख्य रस्त्यावरच्याला आधी जाऊ द्यायचं. दोन्ही रस्ते सारखेच असतील तर उजवीकडून येणाऱ्याला. वर्तुळाकार चौकात आधीपासून फिरत असलेल्या वाहनांना. अरुंद पुलावर समोरचा आधी चढत असेल तर तो पार होईपर्यंत अलीकडे थांबायचं. करंजी घाटात तुम्ही पाथर्डीकडून नगरला येताना असो वा जाताना, चढणाऱ्या वाहनाला वाट द्यायची, कारण चढावर एकदा थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड असतं. कारण कळलं की उत्तर विसरत नाही. झेब्रा पट्ट्यांवर माणूस उभा असेल तर हॉर्न वाजवून नाही, थांबून उत्तर द्यायचं. पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडत असेल तर ती काठी हीच थांबण्याची खूण समजायची. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी आली तर बाजूला होऊन पूर्ण वाट द्यायची. गुरं किंवा मेंढ्या हाकणाऱ्याने हात केला तर गाडी थांबवायची. पारनेर, संगमनेरच्या पट्ट्यात धनगरांचे कळप रस्त्याने जातात तेव्हा हॉर्न वाजवून मेंढ्या बुजवणारे तरुण मी पाहतो आणि वाईट वाटतं. ते चुकीचं तर आहेच, धोक्याचंही आहे. बुजलेली मेंढी चाकाखाली येते आणि माणूसही पडतो.

ओव्हरटेकबद्दल पुस्तकात चार ओळी असतात. त्या नगर जिल्ह्यात राहणाऱ्याने चारदा वाचाव्यात. उजवीकडूनच पुढे जायचं. डावीकडून जायची मुभा समोरचा उजवीकडे वळतोय असा इशारा देत असेल तेव्हाच. वळणावर, चढाच्या माथ्यावर, चौकात, पुलावर, पुढचं स्पष्ट दिसत नसेल तिथे नाही. मागचा तुम्हाला ओव्हरटेक करायला निघाला असेल तर आपला वेग वाढवायचा नाही. आता हे उसाच्या हंगामाला लावून पाहा. दिवाळीच्या आगेमागे कारखाने सुरू होतात आणि मार्चपर्यंत ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊसतोड मजुरांच्या बैलगाड्या रस्त्यावर असतात. प्रवरा पट्ट्यात, राहुरी, कोपरगाव, श्रीगोंद्याकडे संध्याकाळनंतर ही रांगच लागते. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, परावर्तक पट्टी नसते, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर असताना ही ट्रॉली दिसतच नाही, आणि दिसते तेव्हा ब्रेकला अंतर उरलेलं नसतं. म्हणून ‘समोरच्या वाहनापासून किती अंतर ठेवावे’ या प्रश्नाचं उत्तर केवळ टिक करण्यापुरतं शिकू नका. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी आली की मनात सावकाश ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणा. ते म्हणून होण्याआधी तुम्ही खांबाशी पोहोचलात तर फार जवळ आहात. रात्री आणि पावसात हे अंतर दुप्पट करा. समोरून वाहन येत असेल तर आपला दिवा खाली करायचा, हा प्रश्नही परीक्षेत येतो. दोन ट्रॉल्यांमागून तुम्हाला पुढचा रस्ता दिसत नसेल तर पुढे जायचं नाही, इतका साधा हिशेब आहे. घरी दहा मिनिटं उशिरा पोहोचाल.

रेल्वे फाटकाचा प्रश्न अजून अभ्यासक्रमात आहे, देशातल्या ब्रॉडगेज मार्गांवरची पहारेकरी नसलेली फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली असली तरी. उत्तर लक्षात ठेवा: फाटकाआधी थांबायचं, चालकाने किंवा सोबतच्या माणसाने उतरून रुळाच्या दोन्ही बाजू पाहायच्या, गाडी येत नाही याची खात्री करूनच ओलांडायचं. आणि जिथे माणूस आहे, गेट पडलेलं आहे, तिथे मोटारसायकल आडवी करून खालून काढणं हा गुन्हा आहे. दौंड–मनमाड मार्गाच्या फाटकांवर हे रोज घडतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून जातो. त्यावर दुचाकीला प्रवेश नाही, हे तिथल्या तरुणांनी लक्षात ठेवावं.

अपघाताविषयीचे प्रश्न मुलं वरवर वाचतात. अपघातात तुमच्या गाडीचा संबंध असेल तर पहिलं काम जखमीला दवाखान्यात पोहोचवणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं. जमाव अंगावर येत असेल तर तिथे थांबण्याची सक्ती कायदा करत नाही, पण पोलिसांत जावंच लागतं. अपघातानंतरचा पहिला तास, ज्याला गोल्डन अवर म्हणतात, जीव वाचवण्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. अपघात पाहिलेल्या परक्या माणसाने मदत केली तर त्याच्यावर खटला होत नाही, त्याला नाव सांगण्याची सक्तीही नाही. २०१९ च्या दुरुस्तीने हे संरक्षण कायद्यात आलं. पोलीस चौकशीच्या भीतीने लोक गाड्या पळवतात. त्यांना हे सांगा. १०८ आणि ११२ हे दोन क्रमांक पाठ असू द्या.

कागदपत्रं चार: परवाना, नोंदणी पुस्तक, विमा, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत चालते, फोनच्या गॅलरीतला फोटो नव्हे. लायसन नसताना गाडी चालवली तर कायद्यात ५,००० रुपये दंड आहे. पण खरा फटका वेगळाच असतो. अपघातात कुणाला भरपाई द्यावी लागली आणि चालकाकडे परवाना नव्हता, तर विमा कंपनी ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. शेत विकायची वेळ येते ती अशी.

हेल्मेट दोघांनाही लागतं, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते सक्तीचं आहे. आयएसआय चिन्ह असलेलंच घ्या आणि पट्टा हनुवटीखाली आवळून बसवा. न आवळलेलं हेल्मेट पडताना डोक्याआधी निघून जातं. ट्रिपल सीटचं उत्तर दोन हेच आहे. दारूची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी विचारली जाते, आकडा लिहून ठेवा. प्यायल्यावर मात्र आकडा मोजू नका, गाडीच काढू नका.

एवढी तयारी चार दिवसांत होते. पहिले दोन दिवस चिन्हं आणि पट्ट्या, तिसऱ्या दिवशी आधी कोण जाणार आणि ओव्हरटेक, चौथ्या दिवशी परिवहन संकेतस्थळावरच्या सराव चाचण्या. सरावात सलग १३–१४ उत्तरं बरोबर यायला लागली की परीक्षा द्या, ९ वर थांबू नका. भाषा मराठी निवडता येते, पण ती सरकारी मराठी आहे. पदपथ, मार्गिका, दुभाजक, रक्षकविरहित फाटक असे शब्द सरावातच ओळखीचे करून घ्या, नाहीतर माहीत असलेलं उत्तर वेळेत सापडत नाही. प्रत्येक प्रश्नाला मोजकेच सेकंद मिळतात. दोन पर्याय सारखे वाटले तर ज्यात थांबणं, वाट देणं किंवा वेग कमी करणं आहे तो बहुतेक वेळा बरोबर असतो. घरून देणार असाल तर नेट चांगलं असेल अशा ठिकाणी, चेहऱ्यावर उजेड येईल असं बसा, खोलीत दुसरं कुणी नको. आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ दाखवतात, तो पुढे न ढकलता पाहा. त्यातले प्रश्न येतात. नापास झालात तर पुन्हा ५० रुपये भरून देता येते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पास झाल्यावर मिळालेला शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसनच्या चाचणीची वेळ घेता येते. या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावायचा आणि मागे बसवायचं ते फक्त पक्कं लायसन असलेल्या शिकवणाऱ्याला, मित्राला नाही. हे तीस दिवस रिकाम्या मैदानावर, गावाबाहेरच्या शांत रस्त्यावर घालवा. पुढचा आणि मागचा ब्रेक एकत्र दाबून थांबणं, आरशात पाहून इंडिकेटर देणं, मान वळवून मागचं पाहणं यांचा सराव करा.

आणि एक विनंती. तुमचा ओटीपी कुणाला देऊ नका, परीक्षा स्वतः द्या. घरात लायसन काढायच्या वयाचा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांनाही स्वतःच द्यायला लावा, आणि ते पास होईपर्यंत गाडीची किल्ली आपल्याकडे ठेवा.